खिंडीच्या अलीकडचा मुक्काम

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिएटल शहराजवळ आमचे चिरंजीव राहत होते. त्यांना आग्नेयेकडील अटलांटा येथे नवी नोकरी मिळाली होती आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचे होते. घरसामान वाहतुकीच्या ट्रकने पुढे जाणार होते. आम्ही पाच जण, म्हणजे मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची नात, सौ. आणि मी, मोटारहोमने जायचे ठरले होते.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची केबिन आणि त्याच सांगाड्यावर मागे बिछाने, छोटे स्वयंपाकघर, स्नानगृह, गॅसची टाकी, पाण्याची टाकी. मुलाने अठ्ठावीस फुटी, जुने पण सुस्थितीतील वाहन घेतले होते. त्यामागे हौस थोडी आणि गरज अधिक होती. नवे घर जानेवारीच्या मध्याला ताब्यात मिळणार होते. तोवर राहण्यास छप्पर हवे होते. शिवाय सौ.चे भोजन सूर्यास्तापूर्वी व्हायचे आणि त्यात कंदमुळे चालायची नाहीत. महामार्गावरील उपाहारगृहांच्या भरवशावर हा नियम नऊ दिवस पाळणे अवघड होते. आपली चूल आपल्याबरोबर असली म्हणजे प्रश्न मिटतो, असे सर्वांचे मत पडले.

चिरंजीवांनी एका कागदावर प्रवासाचे कोष्टक आखले. अंतर सुमारे २७०० मैल. दिवसाला तीनशे मैल. २५ डिसेंबरला निघायचे, नवव्या दिवशी सायंकाळी पोहोचायचे, एक दिवस विश्रांती आणि सोमवारी कामावर. प्रत्येक मुक्कामापुढे गावाचे नाव, पेट्रोलचा अंदाज, रात्रीच्या तळाचे भाडे. कोष्टक नेटके होते. मी ते दोनदा वाचले आणि विचारले, "यात बर्फाचा दिवस कोठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या दिवशी निघता येणार नाही, तो दिवस."

कागदावर तसा एकही दिवस नव्हता.

घाटाने शिकवलेले

मी काही बर्फातला माणूस नव्हे. एस.टी.च्या कार्यशाळेत एकतीस वर्षे काम केले. माझे ज्ञान कोल्हापूर परिसरातील घाटांचे आणि तेथून परतणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचे. परंतु डोंगर कोणत्याही देशातला असो, त्याची रीत फारशी बदलत नाही.

१९८७ च्या जूनअखेरीस रत्नागिरीला एका आप्ताच्या गृहप्रवेशासाठी आम्ही जीपने निघालो होतो. मलकापूरला पोहोचलो तेव्हा पाऊस असा होता की समोरचे दुकान दिसेना. चहावाल्याने सांगितले, "साहेब, आंबा घाट आज नको. सकाळी जावा." मी म्हणालो, सकाळी नऊचा मुहूर्त आहे. घाटात आमच्या पुढे शंभर हातांवर दरड आली आणि थोड्या वेळाने मागेही आली. ती रात्र आम्ही जीपमध्ये काढली. सौ.च्या मांडीवर दोन वर्षांचे मूल होते. सकाळी माणसे आली, वाट मोकळी झाली, कोणाला इजा झाली नाही. पण त्या रात्रीचा दोष मी पावसाला कधी दिला नाही. आम्हाला घाटात लोटले ते त्या मुहूर्ताने.

तेच मूल आज चाळिशीचे होऊन समोर कोष्टक घेऊन बसले होते. त्याच्या कागदावर मुहूर्ताच्या जागी रुजू होण्याची तारीख होती.

खिंडींचा हिशेब

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन बसलो. सिएटलहून पूर्वेकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे आय-९० हा आंतरराज्य महामार्ग. शहर सोडून तासभर होतो न होतो तोच स्नोक्वाल्मी खिंड लागते. तिची उंची ३०२२ फूट. पुढे आयडाहो आणि मोंटाना राज्यांच्या सीमेवर लुकआउट खिंड, ४७१० फूट. मग ब्यूट गावाजवळ होमस्टेक खिंड, ६३२९ फूट. येथे खंडाचा जलविभाजक आहे. एका बाजूचे पाणी पॅसिफिककडे आणि दुसऱ्या बाजूचे अटलांटिककडे वाहते. तिच्यापुढे बोझमन खिंड, ५७०२ फूट. या सगळ्या ओलांडल्यावर मैदान येते खरे, पण त्या उत्तरेकडील मैदानात वाऱ्याने उडणाऱ्या हिमामुळे समोरचे वाहन दिसेनासे होते.

दुसरा पर्याय वायोमिंगमधून जाणाऱ्या आय-८० चा. लॅरामी आणि शायन या गावांदरम्यान शर्मन शिखराजवळ हा मार्ग ८६४० फुटांवर चढतो. संपूर्ण आय-८० वरील हे सर्वांत उंच ठिकाण. तेथे हिमापेक्षाही वाऱ्याची भीती मोठी. वारा वाढला की हलक्या आणि उंच वाहनांना तो रस्ता बंद करतात. मोटारहोम नेमके तसेच वाहन. त्याची कूस म्हणजे एक भिंतच, आणि त्या भिंतीला आडवा वारा शिडासारखा पकडतो.

तिसरा पर्याय कोलोरॅडोतून, आय-७० ने. तेथे आयझेनहॉवर बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड ११,१५८ फुटांवर आहे. त्याचा विचार आम्ही त्याच क्षणी सोडला.

आय-८० पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात उतरतो तेथे डोनर नावाची खिंड आहे. ते नाव एका स्थलांतरित कुटुंबाचे. १८४६ मध्ये बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या या तांड्यात ८७ माणसे होती. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज या गृहस्थाने आपल्या पुस्तकात एक जवळचा मार्ग सुचवला होता. तो मार्ग जवळचा ठरला नाही. वाट तोडण्यात आणि खारे वाळवंट ओलांडण्यात त्यांचे अनेक दिवस गेले. नेहमीच्या वाटेने गेलेले लोक वेळेत पार झाले. हा तांडा सिएरा नेवाडा पर्वतापाशी पोहोचला तेव्हा हिम पडू लागले होते. सारा हिवाळा ते तेथे अडकले आणि जवळजवळ निम्मी माणसे दगावली. बर्फ शेवटी आला. वेळ मात्र त्याच्या कितीतरी आधी हरवला होता. आज त्याच डोंगरातून रुंद महामार्ग जातो, हिम हटवणारी यंत्रे रात्रंदिवस राबतात. तरीही हिवाळ्यात तो रस्ता अनेकदा बंद ठेवावा लागतो.

लांबचा रस्ता

मग आम्ही नकाशा उलट बाजूने पाहिला. सिएटलहून पूर्वेकडे न वळता आय-५ ने थेट दक्षिणेकडे, ओरेगन आणि कॅलिफोर्निया ही राज्ये उभी पार करून लॉस एंजेलिसच्या परिसरात जायचे. तेथून आय-१० धरून ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास. पश्चिम टेक्सासमध्ये आय-१० पासून आय-२० फुटतो, तो डॅलसवरून अटलांटाला नेतो. अंतर भरले सुमारे ३३०० मैल, म्हणजे सरळ मार्गापेक्षा सहाशे मैल अधिक.

डोंगर याही वाटेवर आहेत. ओरेगनच्या दक्षिण सीमेवर सिस्कियू शिखराची चढण आहे. ४३१० फुटांवरचे हे ठिकाण आय-५ वरील सर्वांत उंच. दक्षिण कॅलिफोर्नियात तेहोन खिंड आहे, सुमारे ४१०० फूट. दोन्ही ठिकाणी हिम पडते, रस्ता बंदही होतो. पण या दोन्ही खिंडींच्या अलीकडे सखल आणि त्या मानाने उबदार प्रदेश आहे, तेथे वस्ती आहे, मोटारहोम उभे करून विजेची जोडणी घेता येईल असे तळ आहेत. आपल्याला खिंड टाळता येत नसेल, तर निदान खिंडीआधी थांबता आले पाहिजे. हा मार्ग आम्हाला त्याच कारणाने पटला.

आता राहिला दिवसांचा प्रश्न. रोज तीनशे मैल हा आकडा मोटारीचा. अवजड वाहनाला, डिसेंबरच्या अपुऱ्या उजेडात, अडीचशे मैल पुष्कळ झाले. त्या हिशेबाने चौदा दिवस प्रवासाचे आणि चार दिवस राखीव, एकूण अठरा. म्हणजे रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणे भाग होते.

चिरंजीव गप्प झाले. मग म्हणाले, "अण्णा, मी अजून रुजूच झालो नाही. रजा कशी मागू?"

त्यांचा संकोच मला कळत होता. परक्या देशात नव्या साहेबाला पहिलेच पत्र सवलत मागणारे लिहायचे, हे जड जाते. मी काही बोललो नाही. सौ. स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "त्या रात्री तू माझ्या मांडीवर होतास. तुला आठवत नाही, मला आठवतं."

त्याने त्याच रात्री पत्र लिहिले. पंधरा दिवस उशिरा रुजू होण्यास परवानगी मिळावी. कारण हिवाळ्यातील प्रवास, सोबत वृद्ध आईवडील आणि लहान मूल. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळींचे उत्तर आले : हरकत नाही, जपून या. ज्या तारखेपायी आम्ही चार खिंडींवर स्वार होणार होतो, ती एका पत्राने सरकली.

वजन आणि चाके

त्यानंतरची तयारी माझ्या ओळखीची होती. वाहनाच्या दारामागे एक पट्टी असते. माणसे, पाणी आणि सामान मिळून किती भार चालेल ते तिच्यावर लिहिलेले असते. आमच्या पट्टीवर १६०० पौंड होते. पाच माणसांचे साडेसहाशे. पाण्याची चाळीस गॅलनची टाकी भरली तर सुमारे ३३० पौंड. उरले सहाशेवीस, आणि त्यात अंथरुणे, शिधा, भांडी, कपडे, साखळ्या, अवजारे. वाहन मोठे दिसते म्हणून त्यात घर मावते असे वाटते. भार मात्र मोजकाच पेलतो. नातीच्या पुस्तकांची खोकी आणि सौ.ची पितळी भांडी ट्रकमध्ये गेली. निघण्यापूर्वी ट्रकथांब्यावरील काट्यावर पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे करून घेतले.

मोटार मागे जोडून ओढत नेण्याचा बेतही सोडला. चारही चाकांवर ओढल्या जाणाऱ्या मोटारीसह मोटारहोम मागे घेता येत नाही. खिंडीत वळून परतायची वेळ आली तर पंचाईत. मोटार वेगळ्या वाहनाने रवाना केली.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण वय नऊ वर्षे. सहाही बदलले. नवे टायर घेताना कडेवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह पाहून घेतले. खऱ्या हिमासाठी चाचणी झालेल्या टायरांवर ते असते. थंडीत हवेचा दाबही उतरतो, दर साडेपाच अंश सेल्सिअसला सुमारे एक पौंड. म्हणून रोज सकाळी, चाके थंड असताना दाब मोजण्याचे काम माझ्याकडे आले.

मागच्या जोडचाकांसाठी साखळ्या घेतल्या आणि अंगणात दोनदा चढवून पाहिल्या. पहिल्या वेळी पन्नास मिनिटे लागली, दुसऱ्या वेळी पंचवीस. ज्याने कोरड्या अंगणात साखळी चढवली नाही, त्याला ती काळोखात, ओल्या हातमोज्यांनी चढवता येणार नाही. मात्र घरात एक ठराव झाला : साखळ्या लागतील असे दिसले तर निघायचे नाही. साखळी ही चुकून अडकलो तर बाहेर पडण्यासाठी, पुढे घुसण्यासाठी नव्हे.

उताराचा धडा एस.टी.चाच. सहा टक्के उतार म्हणजे शंभर मीटर चालीत सहा मीटर खाली. तेथे ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा, इंजिनालाच वेग रोखू द्यायचा आणि ब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा. मुलाने आयुष्यभर स्वयंचलित गिअरची मोटार चालवली होती. एका रविवारी जवळच्या टेकडीवर त्याच्याकडून हे दहा वेळा करवून घेतले.

पाणी, ऊब आणि हवा

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. तेवढ्याने नळ आणि पंप फुटतात. म्हणून ॲरिझोनापर्यंत टाकी रिकामीच ठेवायची ठरवली आणि नळांत गुलाबी रंगाचे गोठणरोधक भरले. हे द्रव्य प्रोपिलीन ग्लायकॉलचे, खास अशा वाहनांच्या नळांसाठी केलेले. मोटारीच्या रेडिएटरसाठी सर्रास वापरले जाणारे इथिलीन ग्लायकॉल विषारी असते; ते येथे कदापि वापरू नये. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी कॅनमध्ये भरून आतल्या उबेत ठेवले.

ऊब देणारी भट्टी गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो. टाकीत गॅस असूनही बॅटरी उतरली तर घर गार पडते, आणि थंडीत बॅटरीची ताकद आधीच कमी झालेली असते. यासाठी गोठवणाऱ्या रात्री विजेची जोडणी असलेल्या तळावरच काढायच्या ठरवल्या. उत्तरेकडील कित्येक तळ हिवाळ्यात पाणी बंद ठेवतात, काही पूर्ण बंद असतात. सूनबाईंनी प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री केली.

सर्वांत गंभीर बाब हवेची. स्वयंपाकाच्या शेगडीवर घर तापवायचे नाही. जनित्र चालू ठेवून झोपायचे नाही. हिम साचून धुराची नळी बुजली आहे का, ते पाहायचे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. त्याची सूचना देणाऱ्या यंत्रालाही मुदत असते. आमच्या यंत्राची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. नवे बसवले.

खिंडीच्या अलीकडे

रोजचे वेळापत्रक सौ.च्या जेवणाने ठरवून दिले. डिसेंबरअखेरीस सिएटलला सूर्य दुपारी साडेचारच्या आतच मावळतो. त्यापूर्वी भोजन व्हायचे तर तीनला गाडी उभी राहिलीच पाहिजे. सकाळी नऊला निघणे आणि तीनला थांबणे, असा क्रम आपोआप बसला. उतरत्या उन्हात रस्त्यावरचे वितळलेले पाणी पुन्हा गोठू लागते, आणि ते पातळ काळे बर्फ डोळ्यांना दिसत नाही. त्या वेळी आमचा वरणभात झालेला असे.

२६ डिसेंबरच्या दुपारी आम्ही सिस्कियूच्या पायथ्याशी, ॲशलंड येथे पोहोचलो. रात्री माथ्यावर हिम सुरू झाले. ओरेगनच्या रस्ते विभागाच्या ट्रिपचेक या संकेतस्थळावर खिंडीतील कॅमेऱ्यांची चित्रे दिसतात. २७ ला सकाळी पाहिले, तर रस्ता चालू होता, साखळ्यांची सक्ती होती, आणि साखळ्या बांधून ट्रक चढत होते.

"लोक जात आहेत, अण्णा," मुलगा म्हणाला.

"जाऊ देत."

तो थोडा वेळ दाराशी उभा राहिला. मग त्याने चहाचे आधण ठेवले. त्याच्या कागदावर आता चार मोकळे रकाने होते. त्यांतल्या पहिल्यात त्याने तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात लिहिली. त्या दोन दिवसांत नातीने आजीकडून थालीपीठ थापायला घेतले.

सिस्कियू ओलांडल्यावरही सुटका नसते. पुढे शास्ता पर्वताच्या पायथ्याचा वीड ते डन्सम्युअर हा पट्टाही हिमाचाच आहे. म्हणून ॲशलंड ते रेडिंग ही सुमारे १३५ मैलांची सलग उघडीप हवी होती. ती २९ ला मिळाली. सकाळी दहापर्यंत ऊन वर येऊ दिले, ५११ क्रमांकावर रस्त्याची स्थिती ऐकली आणि निघालो. माथ्यावर दोन्ही बाजूंना हिमाचे ढीग होते. रस्ता काळा आणि कोरडा. उतार सुरू होताना मुलाने न सांगता खालचा गिअर टाकला. थोड्या वेळाने नातीने विचारले, "आजोबा, खिंड कधी येणार?" ती येऊन गेली होती.

तेहोन खिंड मोकळी मिळाली. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे वाऱ्याने धूळ उडू लागली, तेथे तिसरा राखीव दिवस गेला. दक्षिणेची वाट म्हणजे निर्धास्त वाट, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २८ जानेवारी २०१४ रोजी खुद्द अटलांटात दोन-तीन इंच हिम पडले आणि हजारो लोकांना रात्र रस्त्यावर, आपापल्या मोटारींत काढावी लागली. तेथे हिम थोडे होते, पण सारे एकाच वेळी निघाले होते.

सतराव्या दिवशी, १० जानेवारीला आम्ही पोहोचलो. साखळ्या पिशवीतून बाहेर निघाल्या नाहीत. चारपैकी एक दिवस शिल्लक राहिला.

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज त्या देशात आहेत आणि नोकरीपायी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात असतात. हिवाळ्यात अशी वेळ आली तर टायर, साखळ्या, भट्टी हे सारे पाहावेच. त्याची माहिती तेथे सहज मिळते. परंतु त्यांनी आखलेला कागद एकदा मागून घ्यावा आणि त्यात मोकळे रकाने किती आहेत ते मोजावे. एकही नसेल, तर रस्त्याआधी तारखेविषयी बोलावे. मुलांना ते पत्र लिहिणे जड जाईल. आपण तेवढा वेळ शेजारी बसावे.